केबलचा निकाल

गाण्यांच्या सिस्टीमची नवी केबल घरात आल्यापासून रुद्रने एकही गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं. गाणं सुरू झालं की तो खुर्चीत बसे, डोळे मिटे आणि गायिकेने पहिला आलाप घेतला की ताडकन उठे. मग नवी केबल काढून जुनी लावायची, तेवढाच आलाप ऐकायचा, मान हलवायची आणि पुन्हा नवी लावायची. पंधरवडा उलटला, तरी त्या बिचाऱ्या बाई अंतऱ्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

"ऐकलंस?" तो खोलीच्या दारातून मान बाहेर काढून विचारायचा.

"काय?" वेदिका स्वयंपाकघरातून विचारायची.

"आवाज एकदम उघडला."

"तू दार उघडलंस म्हणून."

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या या फ्लॅटमध्ये दोन बेडरूम होत्या. एकीत रुद्र आणि वेदिका झोपत. दुसरीत रुद्रची साउंड सिस्टीम राहत असे. तिच्यासाठी त्याने भिंतींना राखाडी फोमचे चौकोन चिकटवले होते, खिडकीला जाड पडदा लावला होता आणि मध्यभागी एकच खुर्ची ठेवली होती. रुद्रचे वडील चिमाजी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये केबिनमन होते. निवृत्त होऊन ते दिवाळीनंतर मनमाडहून कायमचे इथे राहायला आले, आणि तेव्हापासून हॉलमधल्या दिवाणावर झोपत होते.

वेदिकाला हे खुपत होतं. त्यात कुसाआत्यांनी, म्हणजे चिमाजींच्या थोरल्या बहिणीने, फोनवर विचारलं होतं, "काय गं, माझा भाऊ अजून वेटिंग रूममध्येच झोपतो का?" आणि पुढे सांगून टाकलं होतं, "रविवारी येते मी. बघतेच."

बुधवारी रात्री जेवताना वेदिकाने विषय काढला.

"रुद्र, ती खोली बाबांना देऊ या."

"आणि सिस्टीम?"

"हॉलमध्ये लाव."

"हॉलमध्ये?" जणू कोणी देव्हारा जिन्याखाली हलवायला सांगितला होता. "आत्ता कुठे आवाज जमून आलाय. नव्या केबलने जो फरक पडलाय ना, तो हॉलमध्ये कळणारच नाही."

"तो खोलीतही कळत नाही. कारण फरकच नाही."

वेदिका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची, त्यामुळे या वाक्यानंतर स्पष्टीकरण येणार हे चिमाजींनी ओळखलं आणि भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"हे बघ," ती म्हणाली, "त्या केबलमधून गाणं जातच नाही. आकडे जातात. शून्य आणि एक. एका पेटीतून निघतात, दुसऱ्या पेटीत पोचतात, आणि ती पेटी त्यांचा आवाज बनवते. आकडा पोचतो किंवा पोचत नाही. नाही पोचला तर आवाज तुटतो, खरखरतो. 'थोडा कमी मखमली' होत नाही."

"आणि वेळेचं काय? सगळे आकडे पोचले, पण मागेपुढे पोचले तर?"

"दुसरी पेटी त्यांना थांबवून घेते आणि स्वतःच्या घड्याळाप्रमाणे सोडते."

"म्हंजे जंक्शनच झालं की," चिमाजी म्हणाले. "लेट आलेली गाडी बी टायमावर सुटती."

"बघ, बाबांना कळलं."

"बाबांना केबल दाखवली तर तेही म्हणतील की फरक आहे," रुद्र म्हणाला. सातपूरच्या एका कंपनीत तो क्वालिटी डिपार्टमेंटला होता. दिवसभर तो मापात न बसणारे पार्ट बाजूला काढायचा. घरी आल्यावर मात्र त्याला माप नको असे. "मी डोळे मिटून सांगू शकतो कोणती केबल लावलीये."

"सांग मग. रविवारी, आत्या यायच्या आत. ओळखलीस तर खोली तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही ओळखलीस तर त्याच दिवशी बाबा आत आणि सिस्टीम बाहेर."

"मंजूर."

"अरे, पण मला काय हितं अडचण..." चिमाजी सांगू लागले.

"तुम्ही गप्प बसा, बाबा," वेदिका प्रेमाने म्हणाली. "तुम्ही भिडस्त आहात, म्हणून मलाच भांडावं लागतं."

चिमाजींनी भाकरीचा तुकडा पुन्हा उचलला.

रविवारी सकाळी रुद्रचा मित्र कुंदन पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचा एक खोका घेऊन हजर झाला. त्याचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं आणि ती चंदेरी विणीची केबल त्यानेच रुद्रला सुचवली होती.

"वहिनी, लय फरक हाये," तो बूट काढता काढता म्हणाला. "जुन्या केबलचा आवाज म्हणजे लोकल मार्केटचा माल. गोड हाये, पण घड गच्च. नवीचा आवाज एक्सपोर्ट! दाणा न् दाणा सुटा."

"आज मोजू या गोडी," वेदिका म्हणाली.

प्रयोग तिने नीट आखला होता. सिस्टीमचं टेबल दाराजवळ होतं. त्याच्यापुढे चादर टांगली. रुद्र पलीकडे खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. वेदिका हॉलमध्ये नाणं उडवणार, छापा आला तर नवी केबल, काटा आला तर जुनी. दार किलकिलं करून ती नाणं फक्त केबल बदलणाऱ्याला दाखवणार आणि दार पुन्हा लावून घेणार. दहा फेऱ्या.

केबल बदलायला चिमाजींइतका योग्य माणूस नव्हता. ते कोणाच्याच बाजूचे नव्हते, आणि नियमाबाहेर त्यांची पापणीही हलत नसे. मिळालेला निरोप मोठ्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय लिव्हरला हात लावायचा नाही, ही केबिनमधली सवय त्यांनी घरातही ठेवली होती. वेदिकाने मीठ आणायला सांगितलं तरी ते "मीठ. मीठ आणतो" म्हणूनच उठत. फक्त आज त्यांनी हे पुटपुटायचं, म्हणजे रुद्रला ऐकू जाणार नाही, एवढं तिने बजावलं.

"सुरू करू?" ती म्हणाली.

"थांब," रुद्र आतून म्हणाला. "पंखा बंद कर."

पंखा बंद झाला.

"फ्रिज."

फ्रिज बंद झाला.

"अजून एक घूंऽऽ येतंय."

सगळ्यांनी कान टवकारले. कुंदनने भिंतीला कान लावला, मग फरशीला. "खालून येतंय, भाऊ," असं म्हणून तो जिना उतरून गेला. थोड्या वेळाने घूं थांबलं. सोसायटीचा पाण्याचा पंप बंद केल्याचं सांगत कुंदन विजयी मुद्रेने वर आला.

"अरे, रविवार सकाळ आहे!" वेदिका म्हणाली. "लोक अंघोळी करताहेत."

"पाचच मिनिटं," आतून रुद्र म्हणाला. "चल, उडव."

पहिली फेरी झाली. चिमाजींनी दार किलकिलं करून सांगितलं, "नवी म्हणतोय."

छापाच होता. बरोबर.

दुसरी फेरी. "जुनी म्हणतोय." बरोबर. तिसरी, बरोबर. वेदिकाने नाणं उलटंपालटं करून पाहिलं. योगायोग असू शकतो, ती स्वतःला म्हणाली. तीनदा छापाकाटा ओळखणारे गल्लोगल्ली सापडतात.

चौथी फेरी बरोबर आली तेव्हा दाराची बेल वाजली. वाजली म्हणजे कोणी तरी तिच्यावर बोट ठेवून उभंच राहिलं. दारात सोसायटीचे चेअरमन हिरामणकाका होते. कमरेला टॉवेल, खांद्यावर दुसरा टॉवेल, आणि डोक्यापासून कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"पंप कोणी बंद केला?" एक डोळा मिटलेलाच ठेवून ते गरजले. "टाकीत ठणठणाट! वॉचमन म्हणतो तुमच्याकडचा पाहुणा होता."

"काका, सॉरी, एक प्रयोग चाललाय," वेदिका म्हणाली.

"माझ्यावर?"

"श्शू!" आतून रुद्र ओरडला. "कोण बोलतंय?"

"मी बोलतोय! माझ्या डोळ्यात साबण जातोय!"

कुंदनने त्यांना हाताला धरून दिवाणावर बसवलं, नॅपकिन दिला आणि वर द्राक्षांचा घड दिला. काय करावं न सुचल्याने हिरामणकाकांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. पाचवी फेरी झाली, सहावी झाली. दोन्ही बरोबर.

"काका, तुम्ही सांगा," कुंदन म्हणाला, "आत्ताचं चांगलं की आधीचं?"

"आत्ताचं," काका म्हणाले. "एकदम झकास. आता पंप लावता का?"

"वहिनी, बघा! साबण भरलेल्या कानांनासुद्धा कळतंय."

वेदिकाचं नाण्याकडे लक्ष नव्हतं, काकांकडेही नव्हतं. ती त्या खोलीच्या भिंतीला टेकलेल्या शोकेसकडे बघत होती. शोकेसची सरकती काच मघाशी झिणझिणत होती. आता सातव्या फेरीला ती शांत होती. नाणं काटा होतं. आठव्या फेरीला छापा आला आणि काच पुन्हा झिणझिणू लागली. नववीला काटा, काच गप्प. दहावीला छापा, आणि काच अशी थरथरली की आतलं, चिमाजींना निरोप समारंभात मिळालेलं पितळी इंजिन फळीवर हळूहळू पुढे सरकलं.

फोमने खोलीतला घुमारा थांबतो, गाण्यातल्या ढोलकीचा ठोका नाही. तो भिंतीतून येतोच. हे तिने रुद्रला फोम चिकटवतानाच सांगितलं होतं. पण काचेला नवी केबल ओळखता यावी, असं कोणत्याही पुस्तकात नव्हतं. काचेला फक्त एकच गोष्ट कळते, आवाज लहान की मोठा.

"दहापैकी दहा!" रुद्र धावत बाहेर आला. कुंदनने त्याला उचललं. "आता बोल! फिजिक्स, बोल!"

"पंप!" हिरामणकाका म्हणाले.

"काका, चला, मीच लावतो. आज मागाल ते लावतो," असं म्हणत रुद्र त्यांना घेऊन जिन्याकडे गेला. मागोमाग कुंदन.

घर रिकामं झाल्यावर वेदिका खोलीत गेली. चिमाजी चादरीमागे स्टुलावर बसून जुन्या केबलची व्यवस्थित गुंडाळी करत होते. आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण त्यांच्या हाताशीच होतं.

"बाबा."

"हं."

"नवी केबल लावली की तुम्ही आवाज वाढवत होता."

गुंडाळी थांबली. चिमाजींनी चादरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग अपराध्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"थोडाच. नखभर."

"का पण?"

"तुझ्या सासूचं ठाऊक नाय तुला. टीव्ही बिघडला म्हणायची. मी नुसता आवाज वाढवायचो. मग म्हणायची, हां, आता चित्र कसं स्वच्छ दिसतंय."

"ते कळलं. पण तसं का केलंत? मी तुमच्यासाठी भांडतेय, आणि तुम्ही त्याला जिंकवताय?"

चिमाजी उठले आणि हॉलमध्ये आले. दिवाणावर आपल्या जागेवर बसले. त्या जागेवरून घराचं दार दिसत होतं, दारातून लिफ्ट दिसत होती, आणि मागच्या खिडकीतून गल्लीचं तोंड. लिफ्टमधून उतरलेल्या एका बाईंनी आत बघून हात केला. चिमाजींनीही हात केला.

"चौथ्या मजल्याच्या हायेत," ते म्हणाले. "लिफ्ट तिसऱ्यालाच बंद पडती, मग चालत जात्यात. मागून त्यांचा मुलगा येईल, दूध घेऊन." थोड्या वेळाने जिन्यावरून एक मुलगा दुधाच्या पिशव्या घेऊन गेला. "सगळा जन्म केबिनमध्ये गेला पोरी. समोरून गाड्या जायच्या, मी बघायचो. त्या खोलीत काय हाये? भिंतींना गाद्या. दार लावलं तर माझाच श्वास मला ऐकू येतो. मालगाडी सायडिंगला लावून विसरून जावी, तसं वाटतं."

"मग बुधवारी बोलला का नाहीत?"

"गप्प बस म्हणालीस."

वेदिका गप्प बसली.

"आणि तू लय जीव लावून भांडत होतीस," चिमाजी म्हणाले. "माझ्यासाठी असं कोण भांडतंय? मधेच नको कसं म्हणू?"

खालून पंपाचं घूं सुरू झालं आणि पाठोपाठ जिन्यावरून आवाज आला, "अरे, हळू, पिशवीत लोणचं हाये!" रुद्रला फाटकाशीच कुसाआत्या भेटल्या होत्या. त्या आत आल्या, पदराने घाम पुसला आणि पहिली नजर दिवाणावरच्या उशीवर टाकली.

"चिमा, हितंच का रे अजून?"

सगळ्यांनी वेदिकाकडे पाहिलं. निकाल तिने जाहीर करायचा होता. काच झिणझिणली होती हे तिला माहीत होतं. का झिणझिणली तेही माहीत होतं. वर्गात ती मुलांना सांगायची, जे दिसलं तेच लिहा, जे हवं ते लिहू नका. दिवाणावर चिमाजी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून तिच्याकडे बघत होते.

"आत्या," ती म्हणाली, "रुद्रने केबल ओळखली. फरक पडतो. ठरल्याप्रमाणे खोली त्याची."

"वा गं वा!" आत्या कडाडल्या. "एवढी शिकलेली तू, आणि सासऱ्याची जागा एका वायरीवर ठरवलीस?"

वेदिकाने मान खाली घातली. कुंदन द्राक्षं निवडू लागला. रुद्र मात्र हसत होता. इतका शांत तो गेल्या पंधरवड्यात दिसला नव्हता.

"आत्या, तिला बोलू नका," तो म्हणाला. "खोली बाबांचीच."

"काय?" वेदिका आणि चिमाजी एकदमच म्हणाले.

"मला खोली नको होतीच गं. फरक आहे, एवढं तू मान्य करायला हवं होतंस. केलंस. आता मी सिस्टीम कुठेही लावीन, हॉलमध्ये लावीन. बाबांना आत निवांत झोपू दे. फोम तसाच ठेवतो, बाहेरचा काही आवाज यायला नको. कुंदन, तू स्पीकर धर. आजच करून टाकू."

"आता कसं बोललास!" आत्या म्हणाल्या.

चिमाजींनी दिवाणाची कड घट्ट धरली. कुंदनने खरोखरच बाह्या सरसावल्या. ज्यासाठी वेदिका खोटं बोलली, ते खोट्यानेच गेलं होतं. आता उरलं होतं फक्त खरं.

"थांबा," ती म्हणाली. "टेस्ट रद्द."

"म्हणजे?"

"चूक झाली. माझी. दोन्ही केबलना आवाज सारखाच मोठा आहे का, हे मी तपासलं नव्हतं. नव्या केबलच्या वेळी शोकेसची काच वाजत होती. आवाज मोठा होता, रुद्र. मोठा आवाज माणसाला नेहमी जास्त चांगला वाटतो."

"मोठा कसा होईल आपोआप?"

चिमाजी खिडकीतून गल्लीचं निरीक्षण करू लागले.

"कारण शोधावं लागेल," वेदिका म्हणाली. "पण प्रयोग सदोष आहे, हे नक्की."

"आत्ताच तर म्हणालीस की फरक पडतो!"

"घाईने म्हणाले."

"म्हणजे मी हरलो?"

"हरलास असंही सिद्ध झालेलं नाही."

रुद्रच्या चेहऱ्यावरची शांती एका झटक्यात गेली. तो येरझाऱ्या घालू लागला. शोकेसपाशी जाऊन त्याने काच हलवून पाहिली, परत आला, पुन्हा गेला. "कुंदन, स्पीकरला हात लावू नको. निकाल लागेपर्यंत त्या खोलीतला एक खिळासुद्धा हलणार नाही!"

"बरोबर हाये," चिमाजी इतक्या चटकन म्हणाले की आत्यांनी वळून पाहिलं. "तोवर जो जिथं हाये, त्यानं तिथंच थांबायचं."

"अरे, पण चिमा, तुला काय हवंय ते सांग की!"

"मला?" चिमाजी म्हणाले. "चहा."

त्यानंतर दर रविवारी टेस्ट होऊ लागली. आणि दर रविवारी वेदिकाला तीत एक दोष सापडू लागला. कधी नाणं एका बाजूला जड असायचं, कधी चादरीतून सावली दिसायची. प्रत्येक दोष खरा होता. तिला पुन्हा खोटं बोलावं लागलं नाही. एका वेळी एकच दोष दूर करायचा, एवढं पथ्य तिने पाळलं. आत्या फोनवर विचारायच्या, "लागला का गं निकाल?" आणि वेदिका म्हणायची, "नाही आत्या, संशोधन आहे, वेळ लागतो."

कुंदनमुळे ही बातमी पिंपळगावपर्यंत गेली होती. आता त्याचे दोन-तीन मित्रही रविवारी कानांसकट येऊ लागले. ते हॉलमध्ये रांगेने बसत, आणि कोणी केव्हा आत जायचं ते चिमाजी ठरवत. केबल बदलताना होणारी खुडबूड रुद्रच्या कानावर पडते, हा दोष सापडल्यावर तर दोन्ही पेट्या दिवाणाच्या उशाशीच आल्या आणि वायर दाराखालून आत गेली. चिमाजींना जागेवरून उठायचंही कारण उरलं नाही.

पाचव्या की सहाव्या रविवारी टेस्ट सुरू होण्यापूर्वी रुद्र आतून ओरडला, "बाबा, आधी कान तयार करतो. जुनी ऐकली, आता नवी लावा!"

चिमाजींच्या मांडीवर मटारचं ताट होतं. ते हलवलं असतं तर दाणे सांडले असते.

"लावली!" ते म्हणाले, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

आतून पुन्हा तोच आलाप आला.

"आहाहा!" रुद्र म्हणाला. "काय उघडलाय आवाज!"

वेदिकाने चिमाजींकडे पाहिलं. चिमाजींनी ताट थोडं तिच्या बाजूला सरकवलं. ती शेजारी बसली, एक शेंग उचलली आणि त्या रविवारच्या टेस्टमधला दोष तिथेच शोधायला लागली.